मुखपृष्ठावरची बाई

दिवाळी अंक हाती आला की वाचक प्रथम काय पाहतो? जे अनुक्रमणिका पाहतात त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण माझ्या ओळखीची बहुतेक माणसे, आणि त्यांत मीही आलो, प्रथम मुखपृष्ठ पाहतात. आणि मुखपृष्ठावर बहुधा एक बाई असते. तिच्या हातात तबक असते, तबकात निरांजन असते, निरांजनाचा उजेड तिच्या गालावर पडलेला असतो. ती कोणाची कोण, कुठल्या गावची, सकाळपासून तिने काय काय उरकले, याचा काही पत्ता नसतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला या अंकांची सवय लागली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठावरच्या बाईला असे काही रूप दिले की आतले लेख विसरले गेले तरी ती भिंतीवर राहिली. आमच्या गावात एका घरी मुळगावकरांची लक्ष्मी अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. चौकट दोनदा बदलली, लक्ष्मी तीच.

मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ‘बाईचे चित्र काढा’ असे सांगितले की वर्गातली चाळीस मुले मिळून एकच बाई काढतात. बदामी डोळे, धारदार नाक, कपाळावर चंद्रकोर. ज्यांच्या आया पहाटे तीनला उठून उसाच्या फडात जातात तीही मुले हीच बाई काढतात. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत मी हेच केले होते. ऊसतोडीला गेलेल्या एका मुलीची ती कथा. नायिकेच्या चेहऱ्याचे वर्णन मी पाऊण पान केले होते आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा ते प्रकरण मी घरी मोठ्याने वाचून दाखवत होतो. कोपऱ्यात आमच्या एक चुलती तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऊसतोडीचे पंधरा हंगाम त्यांनी काढलेले. पाऊण पान ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आसं तोंड फडात ऱ्हातं व्हय?” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. माझ्या लेखनावर झालेली ती पहिली टीका, आणि आजवरची सर्वांत खरी.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. चेहरा पाहायचा म्हणजे काय? मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने सौंदर्यशास्त्रात शिरू नये, हे मला कळते. म्हणून मी दोन मुलींची उदाहरणे घेतो. दोघींच्या चेहऱ्यांनी कॅमेऱ्याला वेड लावले, दोघी धंदेवाईक सिनेमाच्या राजरस्त्याने न जाता आडवाटेने पडद्यावर आल्या, आणि दोघी ऐन तारुण्यात गेल्या. एक अमेरिकेतली, एक आपली.

अमेरिकेतली मुलगी एडी सेजविक. १९४३ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे जुन्या आणि गडगंज घराण्यात तिचा जन्म झाला. १९६४ साली ती न्यूयॉर्कला आली आणि पुढच्याच वर्षी ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकात तिची छायाचित्रे झळकली. आखूड कापलेले रुपेरी केस, लांबलचक कर्णभूषणे, काळे पायमोजे आणि काजळाने भरलेले मोठे डोळे. आजही दुकानांतल्या जाहिरातींत तिची नक्कल दिसते, पण नक्कल करणाऱ्याला मूळ कोण हे ठाऊक नसते. त्याच वर्षी अँडी वॉरहॉल या चित्रकाराशी तिची गाठ पडली. याने आपल्या कार्यशाळेच्या भिंती चंदेरी कागदाने मढवल्या होत्या आणि तिला तो ‘फॅक्टरी’ म्हणत असे. तिथे जे चित्रपट निघत त्यांना ‘अंडरग्राउंड’ म्हणजे भूमिगत सिनेमा म्हणत. पोलिसांच्या भीतीने लपून काढलेले असा त्याचा अर्थ नाही. स्टुडिओ नाही, कथा असली तर नावापुरती, पैसा जेमतेम, आणि प्रेक्षक म्हणजे एखाद्या लहानशा सभागृहात जमलेली मूठभर मंडळी, असा हा प्रकार.

वॉरहॉलची एक रीत होती. फॅक्टरीत येणाऱ्याला तो कॅमेऱ्यासमोर बसवी आणि हलू नका, शक्यतो पापणीही लववू नका, असे सांगे. सुमारे तीन मिनिटांची फिल्म संपेपर्यंत कॅमेरा त्या चेहऱ्याकडे पाहत राही. दाखवताना वेग कमी करत, त्यामुळे तीन मिनिटांची चार-साडेचार होत आणि पापणीची उघडझाप पाण्याखाली चालल्यासारखी वाटे. अशा चारशेहून अधिक चित्रफिती त्याने घेतल्या. त्यांत एडीचीही आहे. हे वाचून आपल्याकडचा माणूस म्हणेल, यात काय विशेष? पंढरपूरला आपण मुखदर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहतोच की. विठ्ठल तरी दुसरे काय करतो? विटेवर उभा असतो, आणि आपण पाहतो. मीही प्रथम असाच विनोद केला होता. आमच्या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या समाधीपुढे उभी राहिलेली माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण तो विनोद टिकत नाही. दर्शनाला येणारा माणूस चालून आलेला असतो. त्याच्या मनात वर्षाचा हिशेब असतो, घरचे आजारपण असते, न झालेला पाऊस असतो. ते सगळे तो त्या स्थिर मुखावर नेऊन ठेवतो. वॉरहॉलच्या चित्रफितीपुढे बसलेल्या प्रेक्षकाजवळ असे ठेवायला काही नसते, आणि समोर बसलेली मुलगी काही देव नसते. ती बावीस वर्षांची असते आणि तिला पापणी लववायची असते.

तरीही एडीला केवळ बाहुली म्हणणे अन्यायाचे होईल. ‘पुअर लिटल रिच गर्ल’ हा १९६५चा चित्रपट तासाभराहून थोडा मोठा आहे. एक मुलगी झोपेतून उठते, फोनवर बोलते, सिगारेट ओढते, तोंड रंगवते, कपडे घालून पाहते. बस्स. पहिला अर्धा भाग भिंगाच्या दोषामुळे धूसर निघाला आणि वॉरहॉलने तो तसाच ठेवला. अर्धा तास आपल्याला ती दिसतच नाही. नुसती एक उजळ आकृती हलत असते, आणि गंमत अशी की त्या अर्ध्या तासातच तिच्याविषयी अधिक कुतूहल वाटते. चित्र स्पष्ट झाल्यावर चेहरा येतो, तो पाहून डोळे निवतात, आणि पाच मिनिटांत प्रश्न पडतो, आता हिने काय करावे? तिला करायला काही दिलेलेच नाही. त्याच वर्षीच्या ‘ब्यूटी नंबर टू’मध्ये तर पडद्याबाहेर बसलेला एक पुरुष तिला सारखे टोचून बोलतो, डिवचतो. तो दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. दिसते ती एडी, आणि तिच्या चेहऱ्यावर उमटणारी प्रत्येक जखम. तिथे ती काही क्षण अशी दिसते की भल्याभल्या अभिनेत्रींना ते साधायचे नाही. पण ती करते आहे की तिला केले जात आहे, हे मला सांगता येत नाही, आणि ते पाहत बसल्याची मला लाज वाटते.

वर्षभरात वॉरहॉलचे आणि तिचे फाटले. पुढची वर्षे औषधांच्या गुंगीत आणि दवाखान्यांत गेली. १६ नोव्हेंबर १९७१ रोजी ती वारली. वय अठ्ठावीस. ‘चाव मॅनहॅटन’ या तिच्या शेवटच्या चित्रपटात तिचे जुने, सुंदर दिवस आणि नंतरची पडझड एकमेकांना जोडून दाखवली आहे. तो चित्रपट तिच्यामागे लोकांपुढे आला.

आता आपल्याकडे येऊ. एडी गेली त्याच्या पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच साली आमच्या मराठवाड्यात दुष्काळाने माणसे खडी फोडत होती. त्याकडे मी पुढे येईनच. थोड्याच काळात त्या केंद्रावरून एक तरुण मुलगी मराठी बातम्या वाचू लागली. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५चा. घराणे खानदेशातले, वडील शिवाजीराव पाटील समाजवादी कार्यकर्ते आणि पुढे मंत्री, आई विद्याताई समाजसेविका, आणि मुलीवर संस्कार राष्ट्र सेवा दलाचे. ती फॅशनची मॉडेल नव्हती. पण तिची छायाचित्रे दूरदर्शनच्या मंडळींनी पाहिली आणि तिला बोलावणे आले, म्हणजे सुरुवात इथेही छायाचित्रापासूनच झाली. जीन्सवर साडी गुंडाळून ती बातम्या वाचायला बसे ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. पडद्यावर दिसे तेवढा भाग साडीचा.

ही साडीची गोष्ट गमतीची आहे, पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी. वृत्तनिवेदिकेकडे आपण पाहतो तेव्हा तिच्या हातात कागद असतो. तिचा चेहरा स्थिर असतो, वॉरहॉलच्या चित्रफितीत असतो तितकाच. तिलाही हसायचे नसते, रडायचे नसते. पण ती आपल्याला स्वतःचा चेहरा दाखवायला बसलेली नसते. कुठे धरण भरले, कुठे पूल वाहून गेला, ते सांगायला बसलेली असते. चेहऱ्याला काम असते. श्याम बेनेगल यांनी तिला हेरले ते याच सुमारास, आणि बेनेगल आले होते जाहिरातींच्या धंद्यातून. ‘अंकुर’च्या आधी त्यांनी जाहिरातपट शेकड्यांनी काढले होते. साबण विकायला कसला चेहरा लागतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्या माणसाने हा सावळा, हाडे दिसणारा, साबणाच्या कामाचा नसलेला चेहरा निवडला, यात मला त्यांची सगळी दृष्टी दिसते.

आपल्याकडे या आडवाटेच्या सिनेमाला समांतर सिनेमा हे नाव पडले. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून १९६९ साली ‘भुवन शोम’ निघाला आणि वाट रुळली. स्मिता प्रथम पडद्यावर आली ती अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थी-चित्रपटात. मग ‘चरणदास चोर’, ‘निशांत’, जब्बार पटेलांचा ‘सामना’. ‘मंथन’ला तर पैसा पुरवला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये काढून. न्यूयॉर्कच्या भूमिगत सिनेमाला आणि आपल्या समांतर सिनेमाला एकाच तराजूत घालू नये, हे मला मान्य आहे. तिकडे चंदेरी भिंतींची खोली, इकडे म्हशींचा गोठा. पण दोन्हीकडे धंदेवाईक सिनेमाने नाकारलेला मोकळेपणा होता आणि दोन्हीकडे एका नव्या चेहऱ्यावर तो उभा होता. ‘मंथन’मधली बिंदू घ्या. हिच्या चेहऱ्याचे वर्णन करा असे मला कोणी सांगितले तर मला ते येणार नाही. कारण ती सदैव कशात तरी गुंतलेली आहे. म्हैस, पोर, दूध, मापाचा संशय. तिचे सौंदर्य त्या कामांच्या मधल्या फटींतून दिसते आणि पुन्हा झाकले जाते. माझ्या पाऊण पानात हेच नव्हते.

‘भूमिका’ हा १९७७चा चित्रपट मात्र सावकाश पाहायला हवा. तो आधारलेला आहे हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर. हंसाबाई आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होत्या त्या सखू म्हणून. प्रभातचा ‘संत सखू’ १९४१चा. तो पुढे कितीतरी वर्षे जत्रांच्या तंबूंत फिरत होता आणि बायका पडद्याला हात जोडत होत्या. त्याच बाईने १९७० साली पुस्तकरूपाने आपली कहाणी सांगितली तेव्हा सज्जनांच्या भुवया वर गेल्या. ज्या चेहऱ्याला आपण हात जोडले त्याच्यामागे दारू, भांडणे, पळून जाणे, परत येणे असे काही असेल हे कोणाला ऐकायचे नव्हते. त्या पुढच्याच वर्षी, १९७१ साली, त्या गेल्या. एडी सेजविक गेली तेच हे साल. योगायोगाला मी फारशी किंमत देत नाही. पण एडीने आपले काही सांगितले नाही, इतरांनी तिच्याविषयी सांगितले, आणि हंसाबाईंनी स्वतः सांगितले, हा फरक योगायोगाचा नाही.

‘भूमिका’तली उषा नटी आहे. म्हणजे स्मिताला दोन कॅमेऱ्यांपुढे उभे राहायचे होते: एक चित्रपटातला, ज्याच्यापुढे उषा नाचते, आणि एक बेनेगलांचा, जो उषाला पाहतो. पहिल्यापुढे ती जुन्या जमान्यातला ठसठशीत, जरा जास्तच रंगवलेला अभिनय करते, डोळे मोडते, मान वेळावते, आणि ते इतके बेतशीर जमते की क्षणभर हंसाबाईंच्या काळातला बोलपटच आठवतो. दिवे मालवले की तोच चेहरा रिकामा होतो. रिकामा म्हणजे भावशून्य नव्हे. भाडेकरू निघून गेल्यावर घर जसे दिसते तसा. मग गाडीतून घरी जाणे, नवऱ्याशी हिशेबाचे भांडण, पिशवी भरून हॉटेलात. अमोल पालेकरांचा केशव हा नवरा मला पडद्यावरच्या सगळ्या खलनायकांपेक्षा भयंकर वाटतो, कारण तो ओरडत नाही, तो तिचा हिशेब ठेवतो. पुढे अमरीश पुरींचे काळे येतात. मोठा वाडा, मान, मंगळसूत्र, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको. तिथे उषा मन लावून संसार करते. आणि एक दिवस पोराला घेऊन जत्रेला जायचे म्हणते, तेव्हा तिला कळते की या वाड्यातून बाहेर जाता येत नाही. एवढीशी मागणी. जत्रा. जिच्या कमाईवर माणसे जगली, जी हजारो लोकांनी पाहिली, तिला जत्रा पाहायला मिळत नाही. त्या वेळी स्मिताच्या चेहऱ्यावर जो बदल होतो त्यात आक्रोश नाही, ती फक्त नीट ऐकते. दुसऱ्यांचे बोलणे ऐकणारा चेहरा हा स्मिताचा सर्वांत मोठा गुण आहे असे माझे मत आहे. एडीला ‘ब्यूटी नंबर टू’मध्ये ऐकावेच लागत होते. इथे ऐकून ती काहीतरी ठरवते.

वयाची बाविशी जेमतेम गाठलेल्या मुलीने हे केले. तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दुसरा पुढे ‘चक्र’साठी. ‘चक्र’विषयी मात्र मला थोडे तिखट लिहायचे आहे. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, मुंबईच्या झोपडपट्टीचा. त्यातली अम्मा स्मिताने जीव ओतून केली आहे, कधीकधी जरा जास्तच ओतून. पण चित्रपट विकायची वेळ आली तेव्हा जाहिरातीत काय लावले? उघड्यावर अंघोळ करणारी अम्मा. झोपडपट्टीत बाईला न्हाणीघर नसते, हे सांगण्यासाठी जो प्रसंग होता तोच फलकावर चढला आणि त्याचे काम बदलले. स्मिताने याविषयी आपली नाराजी उघड बोलून दाखवली होती. म्हणून मी जो फरक इतका वेळ करतो आहे तो फार पक्का धरू नये. काम करणाऱ्या चेहऱ्यालाही मुखपृष्ठावर नेऊन बसवता येते. एक कात्री पुरते. पुढे ‘नमक हलाल’सारख्या चित्रपटांत ती गेली, पावसातल्या गाण्यात नाचली, त्यावरून तिला बोल लावणारे बरेच झाले. मला त्यात पाप दिसत नाही, पण पाहण्यासारखेही काही दिसत नाही. तिथे तिला एडीइतकेही काम नाही.

आता तो चित्रपट, ज्याच्यासाठी मी खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला. मृणाल सेन यांचा ‘आकालेर संधाने’, १९८०चा. एक चित्रपट कंपनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात जाते, अशी कथा. या कंपनीतल्या नटीचे नाव स्मिता, आणि काम केले आहे स्मितानेच. म्हणजे तिला इथे वॉरहॉलने एडीला सांगितले तसेच सांगितले होते: तू तूच राहा. आणि ती काय करते? एका प्रसंगात ती दुष्काळाची छायाचित्रे हातात घेते आणि मंडळींना ओळखायला लावते, हे कुठल्या सालचे, ते कुठल्या सालचे. संध्याकाळचा खेळ चाललेला असतो. कॅमेऱ्याने तिच्याकडे पाहावे तर ती दुसऱ्याच चेहऱ्यांकडे बोट दाखवते. भुकेल्या तोंडावर साल लिहिलेले नसते, हे त्या खेळातून हळूहळू अंगावर येते.

हा प्रसंग मी मोबाइलवर पाहिला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ओट्यावर बसून. माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती आणि सुकडी खाऊन राहिली होती. तिचे एकच छायाचित्र घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचे. त्यात ती सत्तरीची आहे आणि कॅमेऱ्याला घाबरलेली आहे. बहात्तरची ती कशी दिसत होती, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. मी कादंबरीकार म्हणून तिच्यावर कितीही लिहिले तरी तो चेहरा माझा बनावटीचाच असणार.

सेन इथे थांबत नाहीत. कंपनीच्या जेवणासाठी इतकी खरेदी होते की गावच्या बाजारात भाव चढतात. गावकरी म्हणू लागतात, दुष्काळाचे चित्र काढायला आले आणि दुष्काळच घेऊन आले. गावातली दुर्गा नावाची गरीब बाई कंपनीकडे कामाला लागते. एक दिवस ती चित्रीकरण पाहत उभी असते. समोर स्मिता अभिनय करते आहे: उपाशी घरातली बाई तांदूळ घेऊन आली आहे, तो तिने कसा मिळवला हे नवऱ्याला कळले आहे, तो मूल आपटायला उचलतो. आणि पाहणारी दुर्गा किंचाळते. श्रीला मजुमदार यांनी ही दुर्गा केली आहे. त्या किंकाळीनंतर स्मिता वळून पाहते. इतका वेळ जिला सगळे पाहत होते तिला आता पाहावे लागते. नटीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटते त्याला अभिनय म्हणावा की लाज म्हणावी, मला ठरवता आलेले नाही. माझ्या ओळखीची ती लाज आहे. चुलती तांदूळ निवडत बसल्या होत्या तेव्हाची.

बाकीच्या चित्रपटांविषयी थोडक्यात. ‘जैत रे जैत’ मी शाळकरी वयात शेजारच्या दूरदर्शनवर पाहिला आणि मध्येच वीज गेली. उरलेला अर्धा पाहायला मला पंधरा वर्षे लागली. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांची गाणी, ठाकरांचे डोंगर आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी. आमच्या मराठवाड्याच्या कवीचे शब्द त्या कोकणातल्या डोंगरात कसे रुजले, याचे मला अजून नवल वाटते. ‘उंबरठा’ १९८२चा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. त्यातल्या सुलभा महाजनवर आजवर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. एवढेच म्हणतो की घर सोडताना ती मोठे भाषण करत नाही आणि म्हणून ती घर सोडते यावर विश्वास बसतो.

स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, बाळंतपणानंतरच्या आजारात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ तिच्यामागे, १९८७ साली पडद्यावर आला.

गेल्या वर्षी आठ मार्चला आम्ही शाळेच्या पटांगणात चादर बांधून तो दाखवला. हंगाम अजून पुरता संपला नव्हता, त्यामुळे गावात बायका थोड्या होत्या. काही मात्र कारखान्यावरून आदल्याच आठवड्यात परतल्या होत्या, हाताची कातडी सोललेली. हिंदी त्यांना समजते. सुभेदाराने नदीवर सोनबाईला पाहिले तेव्हा त्या गप्प झाल्या. तिने त्याच्या थोबाडीत दिली तेव्हा एक म्हातारी मोठ्याने हसली. सोनबाई मिरचीच्या कारखान्यात लपली, म्हातारा पहारेकरी दार लावून उभा राहिला, गाव तिला बाहेर काढा म्हणू लागले. शेवटी बायका तिखटाच्या झोळ्या घेऊन सुभेदारावर धावतात, तो आंधळा होऊन ओरडत राहतो, सोनबाई हातात विळा घेऊन उभी असते, आणि चित्रपट तिथेच संपतो. चादर पांढरी झाली. बायका उठेनात. त्यांना वाटले माझे यंत्र बंद पडले.

“मास्तर, फुडं लावा की,” एक म्हणाली.

मी सांगितले, पुढे नाही, इतकाच आहे.

“आसं कसं? मग फुडं तिचं काय झालं?”

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात मागून, अंधारातून, चुलतींचा आवाज आला. “काय व्हायचंय? सकाळच्याला पाण्याला गेली आसंल.” आणि त्या लुगडे झटकून उठल्या.